नॅन्टकेटच्या क्वेकर प्रेमकथेत पाद्री कुठून आला?

बॉस्टनजवळ राहणाऱ्या एका मराठी लेखिकेने आपल्या पहिल्या कादंबरीचा आराखडा पाठवून दोन प्रश्न विचारले आहेत. गोष्ट १८२२ सालची, मॅसॅच्युसेट्सजवळच्या नॅन्टकेट बेटावरची. नायिका देवमाशांच्या शिकारी जहाजावरच्या क्वेकर (साध्या राहणीचा, शांततावादी ख्रिस्ती पंथ) कप्तानाची मुलगी, नायक क्वेकर नसलेला, बाहेरून आलेला हार्पूनवाला, म्हणजे देवमाशावर दोर बांधलेला भाला फेकणारा. बाप कडक. नायक समुद्रावर जातो, ती घराच्या छपरावरच्या सज्जात उभी राहून तीन वर्षं वाट बघते, नाताळच्या रात्री तो परततो, बाप विरघळतो आणि चर्चमध्ये पाद्री दोघांचं लग्न लावतो. प्रश्न असे: यात संघर्ष पुरेसा आहे का? आणि श्रद्धेचा भाग प्रवचन न वाटता कसा आणायचा?

ऐतिहासिक कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचणं आणि दुरुस्त करून घेणं हेच माझं काम, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते. संघर्ष पुरेसा नाही, कारण तुम्ही तो बापाच्या स्वभावावर टांगून ठेवलाय. बाप विरघळला की गोष्ट आटोपली. खरा पेच क्वेकरांच्या लग्नाच्या रीतीत आहे, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच सापडतं.

आधी पाद्रीबोवांना निरोप देऊ. या क्वेकरांकडे पगारी धर्मगुरू नव्हताच. आपल्याकडे ख्रिस्ती उपासना म्हटलं की ना. वा. टिळकांची भजनं, पेटी, तबला हे सगळं आठवतं. नॅन्टकेटच्या सभागृहात गाणं नव्हतं, वाद्य नव्हतं, वेदी नाही, क्रूस नाही, पाण्याचा बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजनही नाही. एका बाजूला पुरुषांची बाकं, दुसऱ्या बाजूला बायकांची, समोर लोकांकडे तोंड करून बसलेली वडीलधारी माणसं, आणि शांतता. कुणाला आतून प्रेरणा झाली तर उठून बोलावं, नाहीतर तास-दोन तास गप्प बसून घरी जावं. बोलायचा अधिकार बायकांनाही होता. या बेटावर क्वेकर पंथ रुजला तोच मेरी कॉफिन स्टारबक या बाईमुळे. १७०२च्या सुमारास तिला हा मार्ग पटला, सुरुवातीच्या सभा तिच्याच घरात भरल्या आणि १७०८ मध्ये नॅन्टकेटची मीटिंग, म्हणजे क्वेकरांची स्थानिक मंडळी, रीतसर स्थापन झाली.

नाताळही काढून टाका. देवाने दिलेले सगळे दिवस सारखे, मग एकच पवित्र कसा, असं त्यांचं म्हणणं. वारांची आणि महिन्यांची नावं मूर्तिपूजकांच्या देवांवरून आलेली, म्हणून तीही वापरायची नाहीत: रविवार म्हणजे पहिला दिवस, डिसेंबर म्हणजे बारावा महिना. तुमचा नायक बाराव्या महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी परतला तर गावात कुणाच्या ते लक्षातही येणार नाही. (१७५२च्या आधीचा काळ घेतलात तर जपून, तेव्हा पहिला महिना मार्च होता.) नायिका आईच्या थडग्यावर फुलं वाहते तो प्रसंगही जाईल. थडग्यावर दगड उभारणं म्हणजे मोठेपणा मिरवणं. बेटावरच्या क्वेकर दफनभूमीत हजारो माणसं खुणेच्या दगडाशिवाय पुरलेली आहेत.

आता लग्न. मुलगा-मुलगी दोघं मिळून मंथली मीटिंगपुढे, म्हणजे महिन्यातून एकदा भरणाऱ्या कामकाजाच्या सभेपुढे उभे राहतात आणि लग्न करायचा इरादा सांगतात. पुरुषांची सभा वेगळी, बायकांची वेगळी, दोन्हींपुढे सांगायचं. आईवडिलांची संमती लागते. मग सभा दोन-दोन माणसं नेमते. ती चौकशी करतात की हा दुसऱ्या कुणाला शब्द देऊन बसलेला नाही ना, कर्ज बुडवलेलं नाही ना, वागणुकीत काही खोट नाही ना. मुलीकडे चौकशीला बायका जातात. पुढच्या महिन्याच्या सभेत अहवाल येतो, जोडपं पुन्हा उभं राहून सांगतं की इरादा कायम आहे, आणि मग परवानगी. त्यानंतर उपासनेच्या एखाद्या सभेत, त्याच शांततेत, दोघं उठतात, हात हातात घेतात आणि स्वतःच बोलतात: प्रभूच्या आणि या सभेच्या साक्षीने मी या माझ्या मैत्रिणीला पत्नी म्हणून स्वीकारतो, आणि देवाच्या साहाय्याने मरण आम्हाला वेगळं करीपर्यंत प्रेमाने आणि निष्ठेने वागेन. तीही तसंच बोलते. अंगठी नाही. कुणी 'मी तुम्हाला पतिपत्नी घोषित करतो' म्हणत नाही, कारण लग्न लावणारा देव, माणसं नुसती साक्षीदार. मग मोठ्या कागदावरचा दाखला वाचतात आणि हजर असलेले सगळे त्यावर सह्या करतात. लग्न नीट पार पडलं का हे बघायलाही माणसं नेमलेली असतात. ती पुढच्या महिन्यात अहवाल देतात.

या रीतीला महिन्याहून जास्त वेळ लागतो. जहाज मात्र वारा आणि भरती पाहून सुटतं. ही दोन वेळापत्रकं समोरासमोर ठेवा, कादंबरी आपोआप ताणली जाईल. इरादा एका सभेत सांगून झालाय, दुसरी सभा तीन आठवड्यांवर, आणि मालक म्हणतोय जहाज आठवड्यात निघेल. नॅन्टकेटच्या भूगोलाने तुमच्यासाठी आणखी एक सोय करून ठेवलीय. बंदराच्या तोंडाशी वाळूचा दांडा होता. भरलेली मोठी जहाजं त्यावरून जात नसत, म्हणून त्यांना बाहेर नांगरून लहान होड्यांनी माल चढवायचा. जहाज निघालंय आणि निघालेलं नाही, अशा अवस्थेत दिवसच्या दिवस समोर दिसत राहतं. तुमच्या आराखड्यातला निरोपाचा प्रसंग एका पानाचा आहे. तो असा लांबवता येईल.

तुमचा नायक क्वेकर नाही, ही तर अधिकच चांगली गोष्ट. बाहेरच्याशी पाद्र्याकडून किंवा न्यायाधीशाकडून लग्न केलं की मुलीचं सभासदत्व जायचं, याला ते डिसओनमेंट म्हणत. इथे सोपी चूक होते: लेखक तिला घराबाहेर काढतो, बाप तोंड फिरवतो, गाव वाळीत टाकतं. तसं होत नसे. ती घरातच जेवायची, उपासनेलाही येऊन बसायची. तिला कामकाजाच्या सभेत मात्र बसता येत नसे, आणि तिच्याविरुद्धचा ठराव सभेत वाचून दाखवला जायचा. त्याआधी दोन बायका घरी येत, समजावत, पुन्हा येत. त्या भेटींत आरडाओरड नसते. त्या चहा घेतात, गप्प बसतात, आणि जाताना म्हणतात की आम्ही पुढच्या महिन्यात परत येऊ. कप्तानाच्या गर्जनेपेक्षा हे वाचकाला जास्त बोचेल. आणि बाप विरघळला तर? मुलीच्या अशा लग्नाला मूक संमती दिली म्हणून चौकशी त्याच्यावरच यायची! तुमच्या शेवटच्या प्रकरणातला सुखद क्षण तिथेच उलटतो.

परतीची वाटही होती. आपलं वागणं चुकलं असं लिहून द्यायचं, सभेला ते मनापासूनचं वाटलं तर पुन्हा घेत. कित्येक जोडप्यांनी आधी लग्न केलं आणि मागाहून असे कागद दिले. आता विचार करा: ज्या लग्नाचा तिला तिळमात्र पश्चात्ताप नाही, त्याबद्दल 'चुकलं' असं ती लिहील का? क्वेकर खोटं बोलत नाहीत, कोर्टात शपथसुद्धा घेत नाहीत, कारण शपथ घेऊन खरं बोलायचं तर एरवी काय खोटं बोलायचं? मग त्या कागदावर ती नेमके कोणते शब्द लिहिते, यावर एक अख्खं प्रकरण उभं राहतं.

दुसरा रस्ता नायकाने सभासदत्व मागायचा. त्यालाही भेटायला माणसं येतात, महिने जातात, आणि सगळ्यांच्या मनात एकच शंका: हा प्रकाशासाठी येतोय की पोरीसाठी? गंमत अशी की त्याचं त्यालाही ते धड माहीत नसावं. श्रद्धेबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच. क्वेकर माणूस मानतो की प्रत्येकाच्या आत ख्रिस्ताचा प्रकाश आहे आणि थांबून ऐकलं तर तो वाट दाखवतो. पण आत ऐकू येणारा आवाज त्याचा की आपल्याच इच्छेचा, हे कसं ओळखायचं? प्रेमात पडलेल्या मुलीसाठी याहून अवघड प्रश्न नाही. अमेरिकेत ख्रिस्ती प्रेमकथांचा जो मोठा बाजार आहे, तिथे नायक बहुधा एखाद्या वादळात गुडघे टेकतो आणि पालटतो. क्वेकर गोष्टीत हे वादळ नको. त्यापेक्षा नायिका सभेत बसलीय, हात मांडीवर, काहीतरी बोलावंसं वाटतंय, छाती धडधडतेय, आणि ती उठत नाही, कारण तिला खात्री नाही. दोनशे पानांनंतर ती उठते. तिथे तुम्हाला बायबलमधलं एक वचनसुद्धा छापावं लागणार नाही.

काळाबद्दल थोडं. क्वेकरांचा पगडा आणि शिकारीची भरभराट दोन्ही एकदम हवी असतील तर १८२२ ठीक आहे, पण उतरणीची सुरुवात दिसू द्या. १८२७-२८ मध्ये अमेरिकेतल्या क्वेकरांत इलायस हिक्स या उपदेशकाच्या मतांवरून हिक्साइट फूट पडली आणि तिचे तडे बेटापर्यंत आले. १८४५ मध्ये आणखी एक फूट. १८४६च्या जुलैत आगीने गावाचा मोठा भाग गेला, मुख्य भूमीवरच्या न्यू बेडफर्ड बंदराने व्यापार केव्हाच खेचायला घेतला होता, आणि १८६९ मध्ये शेवटचं शिकारी जहाज निघालं. उलट तुम्ही १७७०च्या आसपास गेलात तर शिस्त जास्त कडक मिळेल, पण विरह लहान होईल: तेव्हाच्या फेऱ्या अटलांटिकमधल्या, काही महिन्यांपासून वर्षभरापर्यंतच्या. १७९१ मध्ये नॅन्टकेटचं 'बीव्हर' जहाज दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालून पॅसिफिकमध्ये गेलं, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षं, पुढे त्याहूनही लांब, अशा फेऱ्या सुरू झाल्या.

तीन वर्षं वाट बघणारी नायिका मला सगळ्यात जास्त खटकली. नॅन्टकेटच्या बाईला छपरावर उभं राहायला सवड नव्हती. ते छपरावरचे सज्जे धुराड्यात आग लागली तर वरून वाळू-पाणी ओतता यावं म्हणून सोयीचे होते. 'विधवेचा सज्जा' हे नाव मागाहून चिकटलं. पुरुष समुद्रावर असताना दुकानं, हिशेब, देणी-घेणी बायकाच बघत. सेंटर स्ट्रीटच्या एका भागाला पेटीकोट रो असं नावच पडलं होतं, इतकी तिथली दुकानं बायकांची. गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी लढलेली ल्युक्रिशिया मॉट १७९३ मध्ये याच बेटावर जन्मली. तिची आई दुकान चालवायची, मालाच्या देवघेवीसाठी बॉस्टनला जायची. वडिलांचं जहाज दक्षिण अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर स्पॅनिश अधिकाऱ्यांनी पकडलं, घरच्यांनी त्यांची आशा सोडली होती, आणि ते अँडीज ओलांडून, ब्राझीलमधून जहाज धरून घरी परतले. अशा घरातली मुलगी नवऱ्याकडून काय अपेक्षा ठेवेल, याचा विचार करून नायिका पुन्हा लिहा. तिच्या हातात खतावणी द्या. पत्रंही लिहू दे, पण एकच मजकूर दोन-तीन जहाजांबरोबर पाठवायचा, एखादं तरी पोचेल या हिशेबाने. गॅलापागोसमधल्या फ्लोरियाना बेटावर जहाजवाल्यांनी पत्रांसाठी पिंप ठेवलं होतं. त्यातून आलेलं उत्तर वर्षभर शिळं असायचं.

मग भेटायचं कुठे? सभागृहात बाकं वेगळी, नाच-गाणं बंद. मेंढ्यांच्या कातरणीला भेटवा. जूनमधली ही कातरणी म्हणजे बेटाची खरी जत्रा. हजारो मेंढ्या बेटभर मोकळ्या चरायच्या, कानांवरच्या खुणांवरून ज्याच्या त्याने ओळखायच्या. त्यांना हाकून आणून तळ्यात धुवायचं, मग कातरायचं. सगळं गाव दुचाकी गाड्यांत बसून जायचं, तंबू लागायचे, खाणंपिणं व्हायचं, आणि वडीलधारी मंडळी नाराजीने का होईना, पण डोळेझाक करायची. ओल्या लोकरीच्या वासात, हातात कानाची खूण तपासायला धरलेली मेंढी, आणि पलीकडून तीच मेंढी आपली म्हणणारा परका मुलगा. पहिल्या भेटीला आणखी काय हवं?

नायकाचं काम नीट समजून घ्या. हार्पून फेकणाऱ्याला तिथे बोटस्टिअरर म्हणत. होडीत सहा माणसं. बोटस्टिअरर पुढे बसून वल्हवतो, देवमाशाजवळ आल्यावर उठून हार्पून मारतो, पण हार्पूनने मासा मरत नाही, नुसता दोराने जोडला जातो. मग चालत्या, हेलकावणाऱ्या होडीत तो मागे जाऊन सुकाणू धरतो आणि मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी, पुढे येऊन लांब भाल्याने मासा मारतो. जागांची ही अदलाबदल, सळसळत सुटणाऱ्या दोराशेजारून, बारकाईने लिहिलीत तर शिकारीचं एकच वर्णन पुरेल. नंतरचं काम त्याहून लांब: डेकवर विटांची भट्टी, तिच्यात दोन मोठ्या लोखंडी कढया, चरबीचे तुकडे वितळवायचे आणि उरलेल्या चोथ्याचंच जळण करायचं. रात्रंदिवस काळा धूर, तेलाने निसरडा डेक, कपड्यांतून न जाणारी घाण. स्पर्म देवमाशाच्या डोक्यातून निघणारं तेल मात्र स्वच्छ, हवेला गार झालं की पांढरं घट्ट होणारं. त्याच्या मेणबत्त्या गावातल्याच कारखान्यांत बनत: थंडीत गोठलेला गोळा पिशव्यांत घालून दाबायचा, आधी उत्तम तेल काढून घ्यायचं, पुन्हा वसंतात दाबायचा, उरलेल्या मेणाच्या मेणबत्त्या.

पगार नसे, वाटा असे. नवख्या खलाशाला साधारण १७५वा ते २००वा हिस्सा, बोटस्टिअररला त्याच्या दुपटीहून थोडा जास्त. समजा माल चाळीस हजार डॉलरना गेला: बोटस्टिअररच्या ७५व्या हिश्शाने तीन वर्षांचे सुमारे ५३३ डॉलर, त्यातून जहाजावर घेतलेले कपडे-तंबाखू आणि उचल वजा. कप्तान बापाने हा हिशेब मुलीसमोर मांडला तर त्याला खलनायक करायची गरज उरत नाही. (देवमासा मारल्याशिवाय मुली लग्नाला तयार होत नसत, ही दंतकथा पर्यटकांना सांगायला ठीक आहे.)

हिंसेचा मुद्दा तुम्ही नायिकेच्या तोंडी घातलाय: शांततावादी माणसं देवमासे कसे मारतात? हा आजचा प्रश्न आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाला समुद्रातल्या जिवांवर अधिकार दिलाय, त्यात त्यांना विसंगती दिसत नव्हती. पण माणसावर शस्त्र उचलायचा प्रश्न आला की ते अडून बसत. बेटावरचा सर्वांत मोठा जहाजमालक विल्यम रॉच याच्याकडे कर्जापोटी बंदुका आल्या होत्या. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या सुरुवातीला त्याच्याकडे त्यांच्या संगिनी मागायला माणसं आली. संगीन फक्त माणूस मारायला, म्हणून त्याने त्या दिल्या नाहीत, समुद्रात टाकल्या. गुलामीवरही हेच बेट लवकर बोललं: १७१६ मध्येच मीटिंगने गुलाम विकत घेणं सत्याला धरून नाही असं नोंदवलं. पण तेवढ्यावरून समतेचा स्वर्ग रंगवू नका. बेटाचे मूळ रहिवासी वाम्पानोआग १७६३-६४च्या साथीत मोठ्या संख्येने मेले, त्याआधी कित्येक जण कर्जात अडकून होड्या वल्हवत होते. कृष्णवर्णीयांची वस्ती गावाच्या कडेला वेगळी होती. तुमच्याच १८२२ मध्ये अ‍ॅब्सलम बॉस्टन हा कृष्णवर्णीय कप्तान सगळे कृष्णवर्णीय खलाशी घेऊन 'इंडस्ट्री' जहाज घेऊन निघाला. धक्क्यावर हे जहाज दिसलं नाही तर माहीतगार वाचक विचारेल.

'एसेक्स'ची कथा मध्ये आणायचा मोह होईल: १८२०च्या नोव्हेंबरात देवमाशाने बुडवलेलं जहाज, वीसांपैकी आठ जण वाचले, त्यांतले पाच जण मेलेल्या सोबत्यांचं मांस खाऊन. १८२२ मध्ये गावाला हे ताजं होतं, म्हणून उल्लेख हवाच, पण कुजबुजीइतका. त्यातलं तुमच्या कामाचं एकच: मेट ओवेन चेस १८२१च्या जूनमध्ये घरी आला तेव्हा त्याने आपली चौदा महिन्यांची मुलगी पहिल्यांदा पाहिली.

संवादांत क्वेकर सगळ्यांना एकेरीच बोलवत, कप्तानाला, न्यायाधीशालाही, आणि 'मिस्टर', 'सर' टाळून सरळ नाव घेत. मराठीत हे सुंदर उतरेल, पण पहिल्याच प्रकरणात एखाद्या बाहेरच्या माणसाला त्याचा धक्का बसू द्या, नाहीतर मुलगी बापाला 'अरे थॉमस' म्हणत नसून इतरांना म्हणते, हेही वाचकाला कळायचं नाही. आईबाप आई आणि बाबाच राहतात.

तुम्ही बॉस्टनकडे आहात तर हायॅनिसहून फेरीने बेटावर जा. नॅन्टकेट हिस्टॉरिकल असोसिएशनकडे मीटिंगच्या नोंदी आणि जहाजांच्या लॉगबुका आहेत. आधी बायकांच्या सभेच्या नोंदी मागा. कनेटिकटमधल्या मिस्टिक सीपोर्टला १८४१ साली बांधलेलं 'चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन' अजून पाण्यावर आहे, पुढच्या भागातल्या खलाशांच्या फळ्यांवर आडवं झालात की नायकाची तीन वर्षं कशी गेली ते वर्णन आपोआप छोटं होईल. मग आराखडा पहिल्या सभेपासून मांडा: ती दोघं इरादा सांगायला उभी आहेत, तो अजून सभासद नाही म्हणून विषय पुढच्या महिन्यावर ढकलला जातो, आणि जहाज वाळूच्या दांड्याबाहेर नांगरून पडलंय. चौकशीला येणाऱ्या दोन बायकांचं प्रकरण आधी लिहून पाठवा.